तेल्हाऱ्याला पेटीचा दोष नव्हता

सुखदेव,

आपल्या गायन पार्टीच्या मंडळींनी तुझ्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. जन्म कुठला, शिक्षण किती, फौजेत सिग्नलमध्ये किती वर्षं, अकोल्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान केव्हा टाकलं, हे सगळं एका कागदावर उतरवूनही दिलं आहे, म्हणजे मास्तर काही विसरायचे नाहीत. मी तो कागद वाचला. त्यातलं सगळं खरं आहे आणि त्यात तू कुठंच नाहीस. म्हणून तो वहीत घालून ठेवला आणि तुलाच लिहायला बसलो.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सात वर्षांपूर्वी तेल्हाऱ्याला, मांडवातच, सांगायला पाहिजे होती. सांगितली नाही. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मला अमरावतीहून बडनेऱ्याला जायचं असलं तरी मी परतवाड्यावरून जातो. तेव्हा धीर धर. येतो मी तेल्हाऱ्यापर्यंत.

आपली ओळखच माझ्या शहाणपणातून झाली. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवतो, तेव्हा मला रेडिओ दुरुस्त करता येत असणारच, असा माझा समज होता. अकोल्याला बहिणीकडे आलो होतो. तिचा रेडिओ खरखरत होता. मी तो उघडला, झटकला, पुसला, पुन्हा बंद केला. खरखर गेली, कारण रेडिओ बोलायचाच थांबला. माझ्या मुठीत तीन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली होती. मेहुणे घरी यायच्या आत तो चादरीत गुंडाळून तुझ्या दुकानात आणला. तू मागचं झाकण काढून कितीतरी वेळ आत पाहत राहिलास.

"कोनं उघडला होता हा?"

"बहिणीच्या घरी कोणीतरी..."

"तो कोनीतरी शाळामास्तर हाय का?" तू मान वर न करता विचारलंस. "आतमंधी खडूची भुकटी हाय."

त्या दिवसापासून तू मला मास्तर म्हणायला लागलास. सगळेच म्हणतात, पण तुझ्या तोंडी त्या शब्दात तो रेडिओ असायचा.

रेडिओ संध्याकाळपर्यंत बोलू लागला. त्यावर गाणं लागलं होतं, मधे पुंगी वाजत होती. मी हार्मोनियम वाजवणारा माणूस, मी लगेच पुंगीच्या भोपळ्याबद्दल काहीतरी विद्वत्तेचं बोललो. तू बोट वर केलंस. "ही पुंगी नाई, मास्तर. पुंगीवाल्याले श्वास घ्या लागते. हा घेऊनच नाई राहिला. हा व्हॉल्व हाय, आतमंधी तार तापते ते काचेची नळी." मग समोरच्या रेडिओत एक तार इकडून काढून तिकडं लावलीस, आणि त्या रेडिओतून स्टेशन नाही, गाणं नाही, नुसता एक सूर निघाला. तू खुंटी फिरवलीस तसा तो वर चढला, खाली उतरला. नाकात बोलणारा, किंचित थरथरणारा. कापूस लादलेल्या बंडीवरचा एक माणूस रस्त्यात बैल थांबवून दाराशी येऊन उभा राहिला. "यात मानूस बसवला हाय का, गा?" त्यानं विचारलं. तू म्हणालास, "अजून नाई. बसवतो."

बसवायला तुला दोन वर्षं लागली. आणि त्यात माझा वाटा मोठा आहे, हे मी सगळीकडे सांगतो. फक्त वाटा कसला ते सांगत नाही. मूर्तिजापूरच्या पुढं एसटीच्या टपावरून माझी हार्मोनियम खाली पडली. ती मी स्वतः बांधली होती, बायकोच्या जुन्या लुगड्यानं, आणि कंडक्टर म्हणाला होता की मास्तर, ही गाठ सुटन. मी त्याला गाठींचे प्रकार समजावून सांगितले होते. पेटीचा भाता फाटला, सूर मातीत गेले, पट्ट्या मात्र शाबूत राहिल्या. तू त्या पट्ट्या काढून घेतल्यास. मी रडायच्या बेतात होतो आणि तू म्हणालास, "झालं ते बरं झालं. मले पट्ट्या कोठून आनाव्या, याचीच पंचाईत होती."

अशी ती पेटी झाली. सागवानी खोका, माझ्या पट्ट्या, आत तुझे व्हॉल्व. खाली गुडघ्यानं दाबायची एक दांडी, आवाज लहानमोठा करायला. एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबल्या तर वरची बोलायची, खालची गप्प. आम्हां पेटीवाल्यांना बोटांखाली दोनतीन सूर धरून चुका झाकायची सवय. पहिल्या दिवशी मी भलत्याच जागी गेलो आणि नेहमीप्रमाणे शेजारची पट्टी दाबून सावरून घ्यायला गेलो, तर चूक आणखी मोठ्यानं ऐकू आली. "हिच्याशी खोटं नाई बोलता येत, मास्तर," तू म्हणालास. आणि माझा डावा हात. त्याला काही कामच नव्हतं, कारण भाता नव्हता. तो खोक्याच्या मागं हवेतच हवा भरत राहिला. तुझी बायको चहा घेऊन आली, तिनं ते पाहिलं आणि कप ठेवून पदर तोंडाला लावून आत पळाली. तो हात सुधारायला मला महिना लागला.

पण आवाज, सुखदेव. मी आयुष्यभर लाकूड आणि पितळेच्या पेट्या वाजवल्या, त्या सगळ्या तयार होऊन आलेल्या असतात. ही रोज नव्यानं तयार व्हायची. चालू केली की आधी काहीच नाही. मग मागच्या जाळीतून नारिंगी उजेड, मग तापलेल्या धुळीचा वास, मग सूर, तोही खालचा, झोपेतून उठल्यासारखा. तापता तापता तो वर चढायचा आणि अर्ध्या तासानं आपल्या जागी येऊन बसायचा. तेवढा अर्धा तास तू खुंट्यांना हात लावू द्यायचा नाहीस. तुझा एकच नियम होता. "आधी अर्धा घंटा चालू करा. अन् एकदा चालू केली का बंद करू नोका. भाषनं लांबो, मांडव पडो. बंद केली का पुन्हा पयल्यापासून."

आलो तेल्हाऱ्याला.

धम्मदीक्षेनंतरची ती वर्षं. गावोगाव गायन पार्ट्या निघाल्या होत्या, आणि आपल्या पार्टीत व्हॉल्वची पेटी आहे ही बातमी आपल्या आधी गावात पोचायची. जयंतीचा कार्यक्रम होता, भर एप्रिलात, दुपार उतरताना. जवळच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून तार ओढून वीज घेतली होती. आपल्या पार्टीचे गायक केशवराव नेहमीप्रमाणे स्वतः हार्मोनियम घेऊन गाणार, ढोलकी बाजूला, आणि मी तुझ्या पेटीवर. तू पेटी वेळेवर चालू केलीस, सूर जुळवलास आणि रस्त्यावर गेलास, कारण हिवरखेडहून तुझे आईबाबा बंडीनं यायचे होते. बाबा पहिल्यांदाच ऐकायला येत होते. फौज सोडून तू तारा जोडत बसतोस हे त्यांना कधी पटलं नव्हतं, आणि आज ते समोर बसणार, म्हणून तू सकाळपासून दोनदा सदरा बदलला होतास.

इकडं भाषणं सुरू झाली. पाऊण तास गेला. मी पेटीवर हात ठेवला तर चटका बसला. वर एप्रिलचं ऊन, खाली व्हॉल्व. मला वाटलं, ही आता पेटणार. माझ्या घरात माणूस खोलीतून उठला की दिवा मालवतात, आणि मी तर शाळेत चौथीच्या पोरांना विजेची काटकसर शिकवलेली. मी हळूच बटण बंद केलं. तिला जरा विसावा, असं मनात म्हणालो सुद्धा.

आता तू म्हणशील, मास्तर, मंग चालू कवा केली? तेच सांगतो. मी काही अगदीच बेअक्कल नव्हतो. माझा हिशेब होता. अध्यक्ष बोलायला उठले आणि म्हणाले, "शेवटी दोन शब्द सांगून मी माझं भाषण संपवतो." मी तत्काळ पेटी चालू केली. वऱ्हाडात जन्माला आलेल्या कुठल्याही माणसाला विचार, अध्यक्षांचे शेवटचे दोन शब्द म्हणजे निदान अर्धा तास. पेटीला नेमका तेवढाच लागतो. मी निर्धास्त होतो.

त्या माणसानं खरोखर दोनच शब्द सांगितले आणि तो खाली बसला.

पुढचं तुला माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही. केशवरावांनी सूर धरला, मी पट्टी दाबली आणि पेटी त्यांच्या हार्मोनियमच्या खाली, शेजारच्या घरात असल्यासारखी बोलली. मी सावरलं, तर ती तापत वर चढायला लागली. कडव्यागणिक वेगळी. केशवराव तिच्या मागं ओढले जात होते. आधी बायका हसल्या, मग सगळा मांडव. केशवराव थांबले आणि लाउडस्पीकरवरून म्हणाले, "सुखदेव, उचल बाप्पा तुहं यंत्र. आमचं साधंच बरं." तू स्टेजवर आलास, तार काढलीस, पेटी उचललीस. ती तापलेली होती, तरी छातीशी धरलीस. मी मागून आलो. बाबा पहिल्या रांगेतून उठून आले होते. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. तुझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "हे आपल्या हातचं काम नाई, बाबू."

मी शेजारीच उभा होतो. एवढंच बोलायचं होतं, की बाबा, ती मी बंद केली होती. एक वाक्य. रोज वर्गात मी हजार वाक्यं बोलतो.

पुढच्या आठवड्यात तू सरळ विचारलंस. "मास्तर, मी नोतो तवा तुमी पेटी बंद तं नोती केली?" मी म्हणालो, नाही. आणि नुसतं नाही म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी विज्ञानाचा मास्तर. मी पुढं म्हणालो, "जिनिंगचं व्होल्टेज पडलं असेल."

तू माझं ऐकलंस. रविवारी मीटर घेऊन एसटीनं तेल्हाऱ्याला गेलास, आणि मीही बरोबर आलो, कारण न येणं संशयास्पद दिसलं असतं. जिनिंगमधल्या माणसाला विनवून त्याच तारेला, त्याच वेळेला मीटर लावून तू दीड तास बसलास. काटा जागचा हलला नाही. मी समोरच्या हॉटेलातून भजी आणली होती. तू मीटर गुंडाळत म्हणालास, "व्होल्टेज बरोबर हाय. मंग दोष माह्याच वायरिंगमंधी हाय." माझ्या तोंडात भजं होतं. ते मी चावत राहिलो.

नसलेला दोष तू वर्षभर शोधलास. सगळी पेटी सोडवून पुन्हा जोडलीस, दोनदा. तो सापडेना, म्हणून तुला तो आणखी खोल वाटायला लागला. मग एक दिवस पेटी वरच्या फळीवर गेली आणि तू ट्रान्झिस्टरकडे वळलास.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी व्हॉल्वच्या बाजूनं, तू ट्रान्झिस्टरच्या. लोकांना नवल वाटायचं, बनवणारा जुन्याला नावं ठेवतो आणि वाजवणारा त्यासाठी भांडतो. मी म्हणायचो, त्या आवाजाला ऊब आहे. तू म्हणायचास, "ऊब पाह्यजे असन तं गोधडी घ्या." मी म्हणायचो, ती रोज वेगळी वाजते, जिवंत आहे. तू म्हणायचास, "बैल बी जिवंत असते. त्याच्यावर गानं म्हनता का?" दर खेपेला अकोल्याला आलो की मी ती फळीवरून उतरवायला लावायचो. तू कुरकुरत उतरवायचास, अर्धा तास चहा व्हायचा, आणि मग मी वाजवायला लागलो की तूच हातातलं काम ठेवून भिंतीला टेकून डोळे मिटायचास. रस्त्यावर माणसं थांबायची. रोजचेच हमाल, तेही थांबायचे. गाणं झालं की तू डोळे उघडून म्हणायचास, "तरी दोष हाय तिच्यात."

आता तुला कळलं असेल मी एवढा का भांडायचो. ऊब वगैरे खरंच होती. पण तिच्यात दोष नाही, हे मला सारखं ओरडून सांगायचं होतं, आणि मी ते सोडून बाकी सगळं सांगत होतो. तू जिंकत आलास, कारण तुझ्याकडं पुरावा होता. तो पुरावा मीच तुला दिला होता.

तुला कावीळ झाल्याचं कळलं तेव्हा मी ठरवून निघालो. यावेळी सांगायचंच. दवाखान्यात तू हळदीसारखा पिवळा पडला होतास आणि बोलत मात्र नव्या पेटीबद्दल होतास. ट्रान्झिस्टरची, हलकी, एक सप्तक तयार, बाकीचं जोडायचं राहिलेलं. "हिच्यात ते तेल्हाऱ्याचं लफडं नाई राहनार. बरा झालो का पयले तेथीच नेऊ. बाबाले समोर बसवू." मी खुर्ची पुढं ओढली. तोंड उघडलं. आणि विचारलं, "संत्रं सोलू का?"

तीन संत्री सोलली, सुखदेव. तुला एक फोड गेली. बाकीची मी खाल्ली. नंतर आठ दिवसांनी तू गेलास.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वहिनींनी दुकान उघडून दिलं. दोन्ही पेट्या मी टेबलावर घेतल्या. नवी पेटी बटण दाबताच बोलली, नारिंगी उजेड नाही, वाट पाहणं नाही. सांगायला लाज वाटते, पण आवाज चांगला आहे. बारीक, स्वच्छ, काचेवर नख ओढल्यासारखी थोडी धार. तिचं स्वतःचं काहीतरी म्हणणं आहे. आणि मग खिडकीतून ऊन टेबलावर आलं, आणि पाच मिनिटांत तुझी ट्रान्झिस्टरची पेटी सूर सोडून सरकायला लागली. व्हॉल्ववालीपेक्षा जास्त. मी एकटाच हसलो. तू हरलास असं म्हणायला मागं वळलो, तर भिंतीशी स्टूल होतं.

तिथंच वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या दारात उभ्या होत्या. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे मले सांगून काय करता, भाऊजी? मी कवा हसली होती त्या पेटीले? तुमच्या हाताले हसली होती." मग दुकानाला कुलूप लावता लावता, "हिवरखेडले जा."

गेलो. बाबा ओसरीवर अंबाडीचा दोर वळत बसले होते. यावेळी परतवाडा नाही, बडनेरा नाही. बसलो आणि सांगितलं की तेल्हाऱ्याला पेटीचा दोष नव्हता, ती मी बंद केली होती.

हात चालूच होते. "काहून?"

"तापली होती. मला भीती वाटली."

"त्याले मालूम होतं?"

"नाही."

"त्यानं इचारलं नाई तुमाले?"

"विचारलं होतं, बाबा. मी नाही म्हणालो."

दोर थांबला. 

"म्हंजे पोरानं बरोबर बनवली होती."

"हो."

"अन् मी त्याले काय म्हनलो, ते तुमी आयकलं होतं."

"मी शेजारीच होतो."

तुझ्या आईनं आतून विचारलं, मास्तरसाठी चाय ठेवू का. बाबा म्हणाले, "नोको ठेवू." मग माझ्याकडं वळून, आवाज न चढवता, "त्या दिवशी सांगतलं असतं तं मी त्याच जागी शबुद वापस घेतला असता. आता कोनापासून घेऊ? मले तुमचा लई राग येऊन राहिला, मास्तर. आज तुमी जा."

मी उठलो. चपला घातल्या. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"पुढच्या महिन्यात या. त्यानं ते कशी बनवली, काय काय लावलं, ते मले सांगा. पयल्यापासून सांगा. मले काईच मालूम नाई."

मी हो म्हणालो. एसटीत बसल्यावर लक्षात आलं की मलाही काही माहीत नाही. तू दहा वेळा समजावलंस आणि मी दहा वेळा मान हलवली. मी विज्ञान शिकवतो, आणि तुझ्या पेटीत सूर कुठून उठतो हे मला एका शेतकऱ्याला सांगता येणार नाही.

वहिनींकडून तुझ्या वह्या आणल्या आहेत. शाळा सुटली की रोज घेऊन बसतो. पहिल्या पानाला चार दिवस लागले. आज सहाव्यावर आहे. इथं एका तारेची वाट तू दोनदा खोडली आहेस आणि तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्यासारखीच काढली आहेस. का, ते मला कळत नाही. बाबा नेमकं तेच विचारतील.